काचेच्या बाटलीवरची छपाई कशी काढायची? आगळ भरायचंय

रातांबा:
नमस्कार मंडळी, यंदा गावाहून कोकमाचं आगळ भरपूर येणार आहे आणि ते भावंडांत, शेजारीपाजारी वाटायचंय, प्लास्टिकच्या बाटलीत द्यायला मन होत नाही म्हणून सरबताच्या, व्हिनेगरच्या, दुधाच्या काचेच्या बाटल्या जमवून ठेवल्यात. कागदी लेबलं निघतात पण प्लास्टिकचा स्टिकर सोलला की खाली चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसून काळं होतं. काहींवर तर नाव थेट काचेवरच छापलंय, तारेच्या घासणीने घासलं तरी ढिम्म. ॲसिडबिसिड नकोय, घरात लहान मुलं आहेत.

जुनीबरणी:
ताई, कागदाचा गोंद पाण्यात सुटतो, कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकून रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी लेबल आपोआप तरंगतं. स्टिकरच्या चिकटाला मात्र पाणी काही करत नाही, तिथे तेलच हवं. आधी हेअर ड्रायरने गरम करून कोपऱ्यातून सावकाश सोला, घाई केली की फाटतो. मग खोबरेल आणि खायचा सोडा कालवून लेप द्या, अर्ध्या तासाने काथ्याने गोल गोल घासा, शेवटी भांड्याचा साबण. तरी डाग राहिलाच तर निलगिरी तेलाचा बोळा.

भट्टीवाला:
छपाई दोन प्रकारची असते, आधी ओळखा कुठली. नेलपेंट रिमूव्हर कापसावर घेऊन एका अक्षरावर मिनिटभर दाबून धरा (ॲसिटोनवालाच घ्या, आणि गॅस बंद करून, खिडकी उघडून). कापसाला रंग लागला तर साधी शाई आहे, बहुतेक सगळी निघेल. एक्सपायरीची तारीख छापलेली असते ती पण अशीच जाते. कापूस पांढराच राहिला आणि अक्षरांवरून नख फिरवल्यावर खरखरीत उंचवटा लागला तर तो भट्टीत भाजलेला रंग, काचेची पूड आणि रंग मिसळून साधारण 600 अंशाला काचेवर वितळवलेला. परत येणाऱ्या सोड्याच्या बाटल्या कारखान्यात गरम कॉस्टिकने धुतात, ते सोसावं म्हणूनच तो तसा केलेला असतो, आपल्या सोड्याला काय दाद देणार.

रातांबा:
दुधाच्या बाटल्यांचं अगदी असंच आहे दादा, कापूस स्वच्छ! मग संडास क्लीनर लावून बघू का, एका व्हिडिओत बघितलं होतं.

भट्टीवाला:
अजिबात नको, कळकळीने सांगतो. असल्या जुन्या रंगांत शिसं आणि कॅडमियम असायचं, ॲसिडने किंवा पॉलिश पेपरने घासलं की तेच सुटून हाताला, सिंकला लागतं. छपाई बाहेरून आहे, आतला माल बिघडत नाही, तशीच राहू द्या, वर कागद गुंडाळून सुतळी बांधा, भेट म्हणून छानच दिसते. फक्त बाटलीच्या तोंडापर्यंत छपाई असेल तर खायच्या वस्तूला ती घेऊ नका, आगळ आंबट, ओतताना ओघळणारच.

कोकणकिनारा:
झाकणाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते, लेबलापेक्षा माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं. आगळात मीठ आणि आंबट दोन्ही, पत्र्याचं झाकण आतून गंजतं आणि वास लागतो, प्लास्टिकचं नवीन झाकण किंवा बूच घ्या, जुनं घेऊ नका, व्हिनेगरचा वास जाता जात नाही. आणि थंड बाटलीत उकळतं पाणी ओतू नका, तडकते. पातेल्यात तळाला फडकं घालून गार पाण्यातच बाटल्या ठेवायच्या, मग गॅस लावायचा, उकळी आली की दहा मिनिटं. बाहेर काढून कपड्यावर उपड्या ठेवा आणि पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय आगळ भरू नका, पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी येते.

रातांबा:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! आज स्टिकरवाल्या बाटल्यांना तेल लावून ठेवते. लहान तोंडाची प्लास्टिकची झाकणं सुटी कुठे मिळतात, ठाण्यात कोणाला माहीत आहे का?