एडवर्ड लिअर यांच्या रोजनिशीतील फुल्या: वाचाव्यात की वगळाव्यात?

मूळ मत
इंग्रज विनोदी कवी एडवर्ड लिअर (१८१२–१८८८) यांच्या १८५८ पासूनच्या रोजनिशा हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात जपल्या आहेत. त्यांत काही तारखांपाशी लहान फुल्या आहेत. लहानपणापासून जडलेल्या आणि आयुष्यभर लपवलेल्या अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) झटक्यांची ती नोंद आहे. या फुल्या छापील आवृत्तीतही जशाच्या तशा याव्यात, असे माझे ठाम मत आहे. त्यांच्या पाचओळी कवितांमध्ये एखाद्या विक्षिप्त माणसावर भोवतालचे ‘लोक’ सतत डोळे वटारतात, प्रसंगी त्याला मारतातही. फुल्या पाहिल्यावर त्या ‘लोकां’ची भीती कोणाला वाटत असावी, हे मला कळू लागते.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. जे जवळच्यांनाही सांगितले नाही, ते वाचण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पत्रांची गोष्ट निराळी, कारण ती दुसऱ्याच्या हाती देण्यासाठीच लिहिली होती. लिअर यांनी १८६४ मध्ये आपले मित्र एव्हलिन बेअरिंग यांना पाठवलेल्या पत्रात ओळी गोल गोल फिरत जाऊन गोगलगायीचा शंख होतो. सरळ ओळींत छापल्यास त्यातला आनंदच नाहीसा होतो, म्हणून हस्तलिखिताचे छायाचित्र हवेच. पण फुलीत असे काय आहे? शिवाय आजाराची किल्ली सापडली, की प्रत्येक कविता त्याच कुलुपाला लावली जाते आणि निखळ मौज हरवते.

प्रतिसाद २ (मूळ मत मांडणाऱ्याकडून)
शेवटचा आक्षेप मला मान्य आहे. कवितेचा अर्थ आजारात संपत नाही. तरीही वगळण्याची रीत धोक्याची वाटते. लिअर १८७३ ते १८७५ मध्ये भारतात फिरले आणि त्यांची ‘द कमरबंड’ ही कविता १८७४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात आली. आया, चपराशी असे शब्द पक्ष्यांच्या, माशांच्या नावांसारखे वापरणारी ती कविता गमतीची खरीच. पण त्या प्रवासाच्या रोजनिशीतून १९५३ मध्ये निवडक भागच पुस्तकरूपाने आला. काय ठेवायचे हे संपादकाने ठरवले, की वाचकाला गाळलेल्याचा पत्ताही लागत नाही.

प्रतिसाद ३
खासगीपणाचा मुद्दा जिवंत माणसाबाबत निर्णायक मानता येईल. येथे सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. अपस्मार असणाऱ्या आजच्या वाचकाला, तो आजार लाजेने दडवूनही इतके लिहिणारा आणि चितारणारा माणूस भेटतो, हे मला अधिक मोलाचे वाटते. मात्र फुल्यांवर लांबलचक टिपा चढवू नयेत. तारीख, फुली आणि त्या दिवशीची नोंद एवढेच छापावे.