ऑस्ट्रेलिया युक्रेनला अजून मदत का करतंय?

भटक्या: कुठे कॅनबेरा, कुठे कीव्ह! तरी २०२२ पासून मदत चालूच, मधे सरकार बदललं तरी थांबली नाही. का बरं?

बेंडिगोवाली: झेलेन्स्कींनी आमच्या ऑस्ट्रेलियाच्या संसदेत व्हिडिओवरून बुशमास्टर या चिलखती गाड्या मागितल्या ना, त्या आमच्या बेंडिगोत बनतात, खालून व्ही आकार असतो म्हणून सुरुंगाचा स्फोट बाजूला वळतो आणि आतली माणसं वाचतात. पाठवायलाच हव्यात.

सह्यगिरी: २०१४ चं एमएच१७ आठवा, युक्रेनवरून जाणारं मलेशियाचं प्रवासी विमान. रशियन क्षेपणास्त्राने पाडलं, ऑस्ट्रेलियात राहणारे ३८ जण गेले. त्या घरांना हे युद्ध लांबचं कसं वाटेल?

आनंदी: मदत पटतेच, पण ४९ अब्राम्स रणगाडे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले आणि त्यातले बहुतेक पोचायला २०२५ चा जुलै उजाडला, तिकडे रोज माणसं मरतायत हो, एवढा उशीर नको.