गरोदरपणात कामाच्या ठिकाणी धड जेवायला मिळालं का? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

माझी मावसबहीण एका पतपेढीत कॅशवर बसते. सहावा महिना चालू आहे. परवा बोलता बोलता म्हणाली, "डबा रोज भरून नेते आणि रोज अर्धा परत आणते." भूक मरते असं नाही, खिडकी सोडता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय दर दोन-अडीच तासांनी थोडंथोडं खा. ऑफिसने दिलाय दीड वाजता अर्धा तास, तोही समोरची रांग संपली तर.

म्हणून कायद्यात काय आहे ते जरा चाळलं. १९६१चा मातृत्व लाभ कायदा, त्यात २०१७ची दुरुस्ती; नोव्हेंबर २०२५पासून त्याच तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या. २६ आठवडे पगारी रजा, ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर. कामावर परत आल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीशिवाय रोज दोनदा दूध पाजायला वेळ. शेवटच्या साधारण अडीच महिन्यांत अवजड किंवा तासन् तास उभं राहायचं काम नको असं सांगता येतं. पण बाळ पोटात असताना आईने खायचं कधी, यावर एक ओळ नाही. तिथे सगळ्यांना असते तीच सुट्टी. पाच तास सलग काम आणि मग अर्धा तास, ही १९४८च्या कारखाने कायद्यातली जुनी चौकट. आणि या कायद्यांचा हात पोचतच नाही अशा कामांवर किती बायका आहेत, ते वेगळंच.

तुमचं कसं झालं ते लिहा. "खजूर खा, नारळपाणी पी" हे घरची मंडळी सांगतातच. ते खायला वेळ कसा काढलात, कोणी अडवलं, कोणी मदत केली, ते हवंय.

*

रात्रपाळी

ऐरोलीत कॉल सेंटरला होते, २०१८ची गोष्ट. नऊ तासांच्या शिफ्टमध्ये एक तास ब्रेक, १५-३०-१५ असा कापलेला. सोळावं मिनिट लागलं की टीम लीडच्या स्क्रीनवर आपलं नाव लाल. तिसऱ्या महिन्यात मला पोट रिकामं राहिलं की मळमळायचं आणि खूप खाल्लं तरी मळमळायचं. मधला तीस मिनिटांचा ब्रेक रात्री दीडला. कॅन्टीनमध्ये त्या वेळी तळणीचा वास कोंडलेला असायचा, दारातूनच परत फिरायचे.

मग डेस्कवर खायला लागले. कॉल म्यूट करून भाजके चणे. एकदा म्यूट नीट झालं नाही आणि समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, आप कुछ खा रही हैं क्या?" कॉल नेमका ऑडिटला गेला, मार्क कापले. तेव्हापासून आवाज न करणारं खाणं: उकडलेलं रताळं, केळं, मऊ दशमी.

शेवटी मार्ग निघाला तो असा. डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी आणली, "दर दोन तासांनी खाणे आवश्यक". ती जोडून एचआरला अर्ज दिला, मला जास्तीचा वेळ नको. तोच एक तास दहा-दहा मिनिटांचा करून द्या. दुसऱ्या आठवड्यापासून दिला. कंपनीचा एक मिनिट गेला नाही. इतकं सोपं होतं तर आधी कोणालाच का सुचलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

*

मधलीसुट्टी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, परभणी जिल्हा. दोन शिक्षकी शाळा. सर केंद्रावर मीटिंगला गेले की पहिली ते चौथी मी एकटीच.

आयडी बघून कळलंच असेल माझं दुखणं. मधल्या सुट्टीत पोरं जेवतात, शिक्षक जेवत नाहीत. खिचडी शिजली की आधी चव घेऊन रजिस्टरला नोंद करायची, मग पोरांचे हात धुवायचे, पंगत बसवायची, कोणाला पुन्हा पाहिजे ते बघायचं, ताटं धुवून झाली का बघायचं. तोवर घंटा. माझं जेवण म्हणजे चवीचा तो चमचाभर भात.

ड्रॉवरमध्ये राजगिऱ्याचे लाडू ठेवून पाहिले. पण चाळीस डोळे समोर असताना एकटीने तोंडात लाडू टाकणं होत नाही हो. त्यातली काही लेकरं सकाळी बिनखाता आलेली असतात, हे मला माहीत असतं.

वाचवलं ते स्वयंपाकाच्या मावशींनी. एक दिवस सरळ म्हणाल्या, "म्याडम, तुमी आधी बसा. लेकरं काय पळून नाय चालले." त्यानंतर पंगत बसायच्या आधी मला चुलीपाशी ताट. वाढायचं काम त्या आणि चौथीच्या दोन मुली बघायच्या. त्या मावशींना शासन महिन्याला काय मानधन देतं ते लिहायला बसले तर धागा भरकटेल.

*

लाईन नंबर तीन

चाकणला वायरिंगच्या कंपनीत होते. कॉन्ट्रॅक्टवर.

तुम्ही सगळ्या सांगताय चिठ्ठी दिली, बोलले. आमच्यात आधी लपवावं लागतं. पोट दिसलं की ठेकेदार "ब्रेक" देतो. आमच्या भाषेत ब्रेक म्हणजे जेवणाचा नव्हे, घरी बसायचा. रजेचा पगार मिळायला वर्षात ८० दिवस काम लागतं म्हणतात, ते भरू नयेत म्हणून आधीच काढतात. पाचव्या महिन्यापर्यंत मी ओढणी सैल घेऊन काढलं. मग सुट्टी कुठल्या तोंडानं मागणार?

जेवणाला तीस मिनिटं. लाईनवरून कॅन्टीनला चालत जायला सात-आठ मिनिटं, हात धुवायला रांग, कुपन द्यायला रांग. बसून खायला दहा मिनिटं उरली तर नशीब. मध्ये कुठं जायचं तर रिलीव्हर, म्हणजे आपल्या जागी उभा राहणारा, लागतो आणि अख्ख्या लाईनला रिलीव्हर एक. तो पोरगा चांगला होता. न सांगता ओळखलं असणार, कारण दर दोन तासांनी येऊन म्हणायचा, "ताई, जा पाणी पिऊन या." मी जायचे आणि वॉशरूमच्या बाहेर उभ्यानं शेंगदाणे-गूळ खायचे.

*

पांढरे बूट

स्टाफ नर्स, खासगी रुग्णालय, शहर सांगत नाही.

मला साखर निघाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, १४०च्या आत हवी, माझी १७२. आहारतज्ज्ञांनी तक्ता दिला: तीन जेवणं, मध्ये तीन वेळा थोडं. पुढे इन्सुलिनही लागलं.

आता गंमत बघा. वॉर्डातल्या प्रत्येक मधुमेही पेशंटला इन्सुलिन किती वाजता आणि ताट किती वाजता, हे माझ्याच हातचं चार्टवर. माझं स्वतःचं? दुपारी इंजेक्शन घेतलं, डबा उघडला आणि तेवढ्यात अॅडमिशन आली. पेशंट स्थिर होईपर्यंत पाऊण तास. हात थरथरायला लागले, घाम फुटला, कानात दडे. मावशींनी चहात तीन चमचे साखर घालून पाजली. तपासली तर ५८.

मधुमेह नसलेल्यांना जेवण लांबलं तर डोकं दुखतं. इन्सुलिन घेऊन जेवण लांबलं तर बाई खाली पडते. हा फरक मेट्रनना समजावून सांगावा लागला, आणि त्या स्वतः नर्सिंग शिकलेल्या! नंतर ठरलं असं की माझ्या जेवणाच्या अर्ध्या तासात वॉर्डचा फोन आणि किल्ल्या दुसऱ्या सिस्टरकडे. तिची वेळ झाली की माझ्याकडे. कागदावर काही नाही, आम्ही दोघींनी आपापसात ठरवलेलं. ती रजेवर गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

*

दुकानदार_पुणे

पुरुषाने लिहिलेलं चालेल ना? माझं साड्यांचं दुकान आहे, सहा मुली कामाला. लग्नसराईत दुपारी एक ते चार हीच गर्दीची वेळ. त्यातली एक जेवायला गेली की गिऱ्हाईक बाहेर. मी पाषाणहृदयी नाही, मागच्या वर्षी एकीला दिवस होते तर तिला स्टूल दिलं. पण लहान दुकानदाराने माणूस आणायचं कुठून, हेही कोणीतरी लिहा.

*

मधलीसुट्टी

@दुकानदार_पुणे, स्टूल फक्त एकीला का? केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या सगळ्याच कामगारांना बसायची सोय सक्तीची केली. आणि एक ते चार गर्दी असते ना? मग साडेबाराला एक पोळी आणि चारला उरलेलं जेवण. तिला विचारून बघा, चालेल म्हणेल.

*

दुकानदार_पुणे

साडेबाराचं बरं सुचवलंत. विचारतो.

*

नेकर काठची

मी श्टुटगार्टजवळ असते. इथे गरोदर असल्याचं कळवलं की मालकाला कामाची जागा तपासून घ्यावी लागते. कायद्यातच आहे की तिला गरज पडेल तेव्हा थोडा वेळ काम थांबवता आलं पाहिजे, आणि बसायला, आडवं व्हायला जागा हवी. आमच्या ऑफिसात प्रथमोपचाराच्या खोलीत एक कोच होता, त्याची किल्ली मला दिली.

खरं सांगू? पहिले कित्येक दिवस मी किल्ली वापरलीच नाही. आपल्याकडे काम करून आलेली सवय, कोणी पाहिलं तर काय म्हणेल. शेवटी बॉसनेच विचारलं, किल्ली हरवली का म्हणून.

*

जर्सीकर

अमेरिकेत रजेच्या बाबतीत बोंब आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण या एका गोष्टीत सुधारणा झाली. २०२३च्या जूनपासून गरोदर कामगारांसाठी वेगळा कायदा लागू झाला, १५ किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. २०२४च्या नियमांत चार गोष्टी नावानिशी लिहिल्यात: पाणी जवळ ठेवणं, बाथरूमला जादा वेळा जाणं, गरजेप्रमाणे बसणं-उभं राहणं, आणि खाण्यापिण्यासाठी विराम. या चारींना मालकाने जवळजवळ कायम हो म्हणायचं, चिठ्ठीचा आग्रह धरायचा नाही.

मी फार्मसीत काउंटरवर असते. पाण्याची बाटली काउंटरखाली ठेवायला याआधी बंदी होती, गंमत नाही.

*

सातपुडा

मी अंगणवाडी सेविका, नंदुरबार जिल्हा. आमच्याकडे आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक गरम चौरस जेवण: भाकरी, भात, डाळ, भाजी, अंडं किंवा केळी. शेतावर किंवा मजुरीला जाणाऱ्या बाया दुपारी येऊन खाऊन जातात. काहींचं शेत डोंगराच्या पलीकडे, त्या डबा मागतात. आम्ही म्हणतो इथंच बसून खा, कारण डबा घरी गेला की तो पाच जणांत वाटला जातो.

मला दिवस होते तेव्हा मी त्याच पंगतीत बसले. आधी वाढणार, वजनं घेणार, मोबाइलवर माहिती भरणार आणि शेवटी खाणार, असं सुरुवातीला चाललं होतं. बायांनीच हात धरून खाली बसवलं. आता मी ताट घेतल्याशिवाय त्या घास घेत नाहीत.

*

गोदाकाठ

बीड जिल्ह्यात आशाताई म्हणून काम करते. अनुभव माझा नाही, माझ्या यादीतल्या बायांचा.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची एक जोडी धरतात. उचल आधीच घेतलेली असते, काम बुडालं तर खाडा, म्हणजे दंड. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायची, ती फडकीत बांधून फडावर. खायची केव्हा, तर गाडी भरायच्या आधी जमलं तर. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाया डोक्यावर मोळी घेऊन शिडीवर चढताना मी पाहिल्यात. लोहाच्या गोळ्या मी कार्तिकात देऊन पाठवते, चैत्रात परत आल्यावर अर्धं पाकीट तसंच. विचारलं तर म्हणतात, ताई, रिकाम्या पोटी गोळी घेतली की उलटी होते, आणि भरल्या पोटी कधी असतोय आम्ही?

इथे सुट्टी मागायची कोणाकडे? मुकादम म्हणणार कारखान्याला विचारा, कारखाना म्हणणार मुकादमाला.

*

वाटाणा

गोळ्यांवरून आठवलं. ऑफिसातल्या ब्रेकमध्ये मिळतो फक्त चहा. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर फुकट जाते, तासभर तरी अंतर हवं. कॅल्शियमही तिच्यासोबत नको. मी गोळी सकाळी अकराला लिंबूपाण्याबरोबर घ्यायचे आणि चहा थेट चारला. साडेअकराच्या चहाला टोळक्यात गेले नाही की "हिला काय झालं" सुरू. त्यावरून तिसऱ्याच महिन्यात सगळ्या मजल्याला बातमी कळली.

*

सहावा_महिना

@रात्रपाळी, त्या अर्जात नेमकं काय लिहिलं होतं? माझी साहेब मंडळी "नियमात बसत नाही" म्हणतात.

*

रात्रपाळी

आठवेल तसं देते. "मी गरोदर असून वैद्यकीय सल्ल्यानुसार (चिठ्ठी सोबत जोडली आहे) दर दोन तासांनी अल्पाहार घेणे आवश्यक आहे. माझ्या विश्रांतीच्या मंजूर वेळेत वाढ न करता ती वेळ सहा भागांत विभागून मिळावी. त्या काळात माझे काम सांभाळण्यास अमुक सहकारी तयार आहेत." शेवटचं वाक्य घालाच, साहेबांची पहिली शंका तीच असते. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. तोंडी विचारू नका, तोंडी नकार देणं फार सोपं असतं.

*

सहावा_महिना

धन्यवाद! शेजारच्या टेबलावरच्या काकू सही करायला तयार आहेत, फक्त म्हणाल्या, "दुपारी माझा डोळा लागतो तेव्हा तू माझं टेबल बघायचं." सोमवारी अर्ज देते आणि कळवते.