सामान मागे ठेवलं की विमान खरंच वेगात जातं का?

शिकाऊ_वैमानिक:
सेसना १७२एस या छोट्या विमानावर शिकतोय. परवाच्या उड्डाणाला २० किलोची बॅग मागच्या सीटवर होती, काल तीच सामानाच्या कप्प्यात ठेवली. उंची तीच, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) तोच, तरी काल वेग ३ नॉट (ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर) जास्त दिसला. सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) मागे गेला की ड्रॅग (हवेचा विरोध) कमी होतो असं पुस्तकात वाचलंय. हे त्यामुळेच का?

शेपटीचा_हिशोब:
पुस्तकातलं बरोबर आहे, पण तुमचे ३ नॉट त्यातून आलेले नाहीत. आकडे मांडून बघू या.

अशा विमानात सीजी पंखाच्या उचलीच्या पुढे असतो, त्यामुळे नाक खाली झुकायला बघतं. ते सावरायला मागचं आडवं शेपूट खाली दाबतं. हा दाब पंखांना वजनासारखाच पेलावा लागतो. सीजी जितका पुढे, तितका दाब मोठा. मग पंखांना हल्ल्याचा कोन (समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन) वाढवावा लागतो आणि इंड्यूस्ड ड्रॅग (उचल निर्माण करताना होणारा ड्रॅग) वाढतो.

समजा वजन ११०० किलो, सीजीपासून शेपूट साधारण ४.५ मीटर मागे. सीजी १५ सेंटीमीटर पुढे सरकला तर शेपटीचा दाब सुमारे ३७ किलोने वाढतो. पंखांवरचा भार वाढला ३.३ टक्के. इंड्यूस्ड ड्रॅग भाराच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे जवळपास ७ टक्के. पण क्रूझला (समतल, स्थिर वेगाने उडताना) एकूण ड्रॅगमध्ये त्याचा वाटा पाचवा हिस्सा धरा. शेपटीचा स्वतःचा ड्रॅग मिळवूनही वेगात फरक पडतो एखाद्या नॉटचा. तोही सीजी १५ सेंटीमीटर हलल्यावर!

आता तुमची बॅग. १७२एसमध्ये मोजणी फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीपासून) होते: मागची सीट ७३ इंचांवर, सामानाचा कप्पा ९५ वर. बॅग २२ इंच सरकली. २० गुणिले २२ भागिले ११००, उत्तर ०.४ इंच. सीजी हलला जेमतेम १ सेंटीमीटर. एवढ्याने वेगदर्शकाचा काटा हलत नाही.

तापमान, मिक्स्चर (इंजिनातलं हवा-इंधनाचं प्रमाण), विमानातलं इंधन, वर चढणारी हवा, यांतलं काहीही ३ नॉट सहज देऊ शकतं. वर चढणाऱ्या हवेत उंची राखायला आपण नकळत नाक खाली धरतो आणि वेग वाढतो. मला तरी त्याचीच शक्यता जास्त वाटते.

मागची_मर्यादा:
गणित पटलं. एक मात्र कळकळीने सांगते, वेगासाठी सीजी मागे ढकलायच्या नादी लागू नका. मागच्या मर्यादेच्या बाहेर गेलात तर स्थैर्य घटतं, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) हलका लागतो, आणि स्पिनमधून (गरगरत खाली पडण्यातून) बाहेर येणं कठीण, कधी अशक्य होतं. पुढच्या मर्यादेबाहेर गेलात तर उतरताना नाक उचलायला एलिव्हेटर अपुरा पडतो. लोड शीट (वजनाच्या वाटणीचा तक्ता) भरताना उड्डाणाचा आणि उतरण्याचा, दोन्ही सीजी काढा.

शिकाऊ_वैमानिक:
धन्यवाद दोघांनाही. तापमान तर मी टिपलंच नव्हतं. मग हा परिणाम कुठेच जाणवत नाही का?

शेपटीचा_हिशोब:
जाणवतो, पण कमी वेगात. सर्वोत्तम ग्लाइडच्या (इंजिनाविना सर्वांत लांब तरंगत जाण्याच्या) वेगाला निम्मा ड्रॅग इंड्यूस्ड असतो, म्हणून तिथे त्याचा परिणाम दिसतो. स्टॉलचा (ज्याखाली पंखांची उचल कोसळते तो) वेगही सीजी पुढे असताना थोडा जास्त असतो. मोठ्या विमानांना मात्र क्रूझलाही याचा फायदा होतो. एअरबस ए३३० या प्रवासी विमानाच्या आडव्या शेपटीत इंधनाची टाकी असते, क्रूझला तिच्यात इंधन पाठवून सीजी मागे नेतात. लांबच्या प्रवासात तेवढ्यानेही इंधन वाचतं.

तुम्हाला ताडूनच बघायचं असेल तर सकाळची शांत हवा निवडा. एकूण वजन, प्रेशर अल्टिट्यूड (प्रमाण हवादाबाप्रमाणे मोजलेली उंची), तापमान आणि आरपीएम सारखे ठेवा. समतल झाल्यावर ट्रिम करून (दांडीवर जोर न लावता विमान तसंच राहील असं जुळवून) काही मिनिटं थांबा आणि मगच आकडा लिहा. ट्रिम व्हीलची खूणही टिपा, सीजीचा फरक वेगापेक्षा आधी तिथे दिसतो.