मदत हवी आहे : सासूबाईंच्या पायात पिन घुसली तरी कळलं नाही, शुगर आणि नसांबद्दल

नमस्कार मंडळी, वाचते बरीच वर्षं पण धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ६४, शुगर १५ वर्षांपासून. आम्ही भांडुपला राहतो. दोन महिन्यांपूर्वी आम्ही दोघी दादरला फुलं आणायला गेलो होतो, स्लो लोकलमधून गर्दीत कसंबसं उतरलो, पूल चढून पश्चिमेला आलो आणि फुलवाल्यासमोर उभं राहिल्यावर माझं लक्ष गेलं तर त्यांच्या उजव्या पायात चप्पलच नाही. खाली बघून म्हणाल्या, "अगबाई, कधी गेली?" मला वाटलं गर्दीत कुणाचा तरी पाय पडला असेल, तिथेच फुटपाथवर नवीन जोडी घेतली आणि घरी आलो.

मग आठवड्याभराने लादी पुसताना स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत रक्ताचे बारीक बारीक ठिपके दिसले. आधी वाटलं कुंकू सांडलंय. त्यांना खुर्चीवर बसवून तळवा बघितला तर अंगठ्याखालच्या गादीत स्टेपलरची पिन पूर्ण आत, बाजूची कातडी पांढरी पडलेली. किती दिवस होती देव जाणे. मी काढताना मलाच कसंतरी झालं, आणि त्या शांतपणे वाटाणे सोलत होत्या.

जवळच्या दवाखान्यात दाखवलं तर "वय झालं, शुगर आहे, चालायचंच" म्हणून मलम दिलं आणि पाठवलं. पायातले मोजे काढायलाही सांगितलं नाही. ह्याचा मला अजून राग आहे. नंतर दुसऱ्या, शुगरच्याच डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी अर्धा तास दिला. डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक जाड दोरा तळव्याला वाकेपर्यंत टेकवत गेले आणि टोचलं की "हो" म्हणा म्हणाले. त्यांनी टोचून झालं तरी आई म्हणतायत, "लावा ना डॉक्टर, थांबलात का?" दहा ठिकाणांपैकी सहा ठिकाणी काहीच नाही. मग कंप पावणारा लोखंडी चिमटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर ठेवला, तेही कळलं नाही, गुडघ्यावर ठेवला तेव्हा कुठे "हां, आता झिणझिण होतंय" म्हणाल्या. मी समोर बसून बघत होते, पोटात खड्डा पडला.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं ते मला समजलं तसं लिहिते, चुकलं तर सांगा. ही नस म्हणजे रक्ताची नस नाही, मज्जातंतू. पायाच्या अंगठ्याची जाणीव नेणारी पेशी अंगठ्यात नसतेच, ती कंबरेत मणक्याच्या शेजारी असते आणि तिचा एकच धागा तिथून थेट अंगठ्यापर्यंत, जवळजवळ मीटरभर लांब. धाग्याला लागणारं सगळं सामान वर पेशीत तयार होऊन आतून खाली पोचवावं लागतं. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की धागाही बिघडतो आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही, मग सगळ्यात लांबचं टोक आधी मरतं. आमच्या जुन्या चाळीत पाण्याचा दाब कमी झाला की लाइनीतला शेवटचा नळ पहिला बंद पडायचा, तसंच. म्हणून दोन्ही पायांची बोटं आधी, मग मोजा चढवल्यासारखं वर, आणि ते गुडघ्याच्या आसपास आलं की हाताची बोटं.

आणि पिन टोचल्यावर पाय झटकन मागे घ्यायचा हुकूम पाठीच्या कण्यातूनच सुटतो म्हणे, मेंदूला नंतर कळतं. पण खालून निरोपच निघाला नाही तर हुकूम देणार कोण? हे ऐकल्यापासून त्या किचनमध्ये अनवाणी फिरल्या तरी माझा जीव वरखाली होतो.

आता मला न सुटणारी गोष्ट. ज्या पायाला पिन कळत नाही तोच पाय रात्री जळतो. चादर लागली तरी सहन होत नाही, दोन वाजता उठून गार लादीवर पाय टेकवून बसलेल्या असतात. डॉक्टर म्हणाले स्पर्शाचे धागे जाड, वेष्टण असलेले, सेकंदाला ५० मीटरच्या आसपास धावणारे, आणि जळजळीचे बारीक, उघडे, सेकंदाला जेमतेम मीटरभर जाणारे. बिघडलेले बारीक धागे कारण नसताना आपणच निरोप पाठवत बसतात. प्रीगाबालिन रात्रीची चालू केलीय, जळजळ कमी आहे पण सकाळी दहापर्यंत गुंगीत असतात. गेलेली जाणीव या गोळीने परत येणार नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. कुणाच्या घरी ही गोळी चालू आहे का, गुंगी पुढे कमी होते का?

बी-१२ पण कमी निघालं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं घेतली की ते अन्नातून कमी शोषलं जातं, आणि आमच्या आई पूर्ण शाकाहारी, त्यामुळे दोन्हीकडून मार. इंजेक्शनं सुरू आहेत. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर, ९.१ वरून ७.८ वर आलंय.

अजून एक, बेसिनवर तोंड धुताना साबणासाठी डोळे मिटले की त्यांचा तोल जातो. पाय कुठे आहे हे पायाकडून कळत नाही, डोळ्यांनी भागवतात, डोळे मिटले की तेही गेलं. आणि पलंगावरून उठल्या की चक्कर. झोपून बीपी वरचं १४०, उभं राहून तीन मिनिटांनी ११२. आपोआप चालणाऱ्या नसा, म्हणजे बीपी, घाम, पोट सांभाळणाऱ्या, त्याही बिघडतात म्हणे. टाचांना घाम नाही म्हणून भेगा, हे मी इतकी वर्षं साधा कोरडेपणा समजून व्हॅसलीन लावत होते.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. त्यांचं एकच म्हणणं, "अगं दुखतच नाही, तर तू कशाला एवढी घाबरतेस?" दुखत नाही हाच तर आजार आहे, हे मी त्यांना कसं समजावू? आणि पुढच्या महिन्यात अंगारकी आहे. माझे सासरे आजारी होते तेव्हापासून त्या दर अंगारकीला दादर स्टेशनपासून सिद्धिविनायकापर्यंत अनवाणी जातात. सासरे गेले, तरी नेम मोडला नाही. डॉक्टरांनी अनवाणी एक पाऊलही नको म्हणून बजावलंय. मला त्यांची श्रद्धा दुखवायची नाही, मनापासून सांगते, पण तापलेल्या डांबरावर त्यांना चटका बसला तर घरी येऊन फोड दिसेपर्यंत कळणार नाही. तुमच्याकडे कुणी असा मार्ग काढलाय का?

अपडेट : सगळ्यांचे खूप आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. रोज रात्री आरशावर पाय धरून तळवा बघायचा आणि आंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने तपासायचं, हे दोन्ही सुरू केलं. शेकायची पिशवी माळ्यावर टाकली. ज्यांनी लिहिलं की समजावू नका, दाखवा, त्यांचं ऐकलं. आईंना डोळे मिटायला लावून मी त्यांच्या तळहातावर तांदळाचा एक दाणा ठेवला, लगेच "तांदूळ" म्हणाल्या. मग पायाच्या बोटांमध्ये तीन दाणे ठेवले आणि विचारलं काय आहे. खूप वेळ गप्प होत्या. डोळे उघडून बघितलं आणि दाणे स्वतः एकेक करून उचलले. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मुलाला म्हणाल्या, "ते शुगरवाल्यांचे बूट कुठे मिळतात ते बघून ठेव."

अंगारकीला पहाटे, रस्ता गार असताना जायचं, बूट घालून देवळापर्यंत आणि आत पांढरे जाड मोजे, एवढ्यावर तयार आहेत. मोजे पांढरे ह्यासाठी की रक्त लागलं तर दिसेल, ही सूचना पण इथलीच. आता एमसीआर म्हणजे मऊ, स्पंजासारख्या रबराच्या तळाचे, मागून पट्टा असलेले, पुढे रुंद असे बूट मध्य रेल्वेच्या बाजूला कुठे बनवून मिळतील? संध्याकाळी पाय सुजलेले असताना माप द्यायचं हे माहीत आहे, पण आईंचा डावा पाय जरा मोठा आहे, तर दोन वेगळ्या मापांची जोडी कुणी करून देतं का?