उत्तर: उंदराचा दात थांबत का नाही?

भाऊ, तुम्ही विचारलं, उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, मग आपले का नाही. (आमच्या इकडे यवतमाळच्या खेड्यात कालच तुरीचं पोतं कुरतडलं, खाली दाण्यांचा सडा!) उंदराच्या पुढच्या दाताच्या बुडाशी मूलपेशींचा (ज्यांच्यापासून नव्या पेशी बनत राहतात त्यांचा) साठा कायम राहतो. आपला दात उगवला की इनॅमल (दातावरचा कडक थर) बनवणाऱ्या पेशीच संपतात.

या मूलपेशींनी काय बनायचं, यात मायक्रोआरएनएचाही हात असतो. मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतल्या आरएनए रेणूचे जेमतेम 22 अक्षरांचे तुकडे. स्वतः प्रथिन बनवत नाहीत, दुसऱ्या जनुकाचा प्रथिन बनवायचा निरोप दाबतात. प्रयोगातल्या उंदरांत, दात घडवणाऱ्या आवरणात, हे तुकडे कापून तयार करणारं डायसर विकर (एन्झाइम) काढलं, तर पुढचे दात जास्तीचे, फाटे फुटलेले अन् बिनइनॅमलचे निघाले. दाढा सपाट. एमआयआर-200 हा असाच एक मायक्रोआरएनए. तो नॉगिनला, म्हणजे बीएमपी या संकेत देणाऱ्या प्रथिनाला अडवणाऱ्या प्रथिनाला, दाबतो, म्हणून बीएमपीचा संकेत मोकळा राहतो आणि मूलपेशी इनॅमलच्या कामाला लागतात.