डॉस गेमच्या स्पीडरनसाठी खरं मशीन, डॉसबॉक्स की पोर्ट? नियम कसे ठरवावेत?

स्टॉपवॉच_हातात:
आमचा छोटा ग्रुप आहे, सध्या प्रिन्स ऑफ पर्शिया (डॉसवालं) आणि वुल्फेनस्टाइन थ्रीडी पळवतोय (म्हणजे कमीत कमी वेळात संपवायची शर्यत), पुढे डूम घ्यायचा विचार आहे. एकाकडे जुनं ४८६ (डॉसच्या काळातला पीसी) चालू स्थितीत आहे, बाकीचे डॉसबॉक्सवर (आजच्या कॉम्प्युटरवर डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम), आणि एक जण प्रिन्स एसडीएलपॉपवर खेळतो (प्रिन्सचा पोर्ट, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरसाठी बनवलेली आवृत्ती). आता टाइम शेजारी शेजारी लावायची वेळ आली तर भांडणं सुरू. ४८६वाला म्हणतो खरं मशीन तेच खरं, बाकी सगळं बाद. दुसरा म्हणतो सगळ्यांनी सायकल्स (डॉसबॉक्सचा वेग ठरवणारा आकडा) मॅक्सवर टाका म्हणजे विषय संपला. मला दोन्ही पटत नाहीये पण का पटत नाहीये ते नीट मांडता येईना. कुणी असे नियम बनवलेत का?

फ्लॉपी_तोंडात:
मशीन कुठलं हा प्रश्न नंतरचा, आधी बघा त्या गेमचं घड्याळ कशावर चालतं. प्रत्येक गेमचं उत्तर वेगळं येतं म्हणून सरसकट एकच नियम लावला की कुणावर तरी अन्याय होणारच.

प्रिन्सचं सोपं आहे. तो टायमरला बांधलेला आहे, सेकंदाला १२ फ्रेम (स्क्रीनवरची चित्रं), तुम्ही डॉसबॉक्सच्या सायकल्स कितीही वाढवा राजकुमार काही जोरात पळणार नाही, फक्त खूप कमी ठेवल्या तर अडखळेल. त्यामुळे ४८६ आणि डॉसबॉक्स इथे एकाच टेबलात बसू शकतात, भांडायचं कारणच नाही. पण एक गंमत आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, तलवार उपसलेली असली की हाच गेम सेकंदाला १० फ्रेमवर येतो, आणि गेमचा 'मिनिट' मोजला जातो ७२० फ्रेमचा. म्हणजे पळताना गेममधला एक मिनिट हा खरा ६० सेकंदांचा, आणि तलवार काढून उभे असाल तेव्हा तोच मिनिट ७२ सेकंदांचा! म्हणून शेवटी स्क्रीनवर उरलेला वेळ दिसतो तो आणि तुमच्या स्टॉपवॉचचा वेळ हे दोन वेगळे हिशोब आहेत. टेबलात कुठला लावणार ते पहिल्या दिवशीच ठरवा, नाहीतर एखादा गडी मारामारीत वेळ काढून गेमच्या घड्याळात पुढे आणि खऱ्या घड्याळात मागे असं होऊन बसेल.

आणि शिफ्ट + एल चं (थेट पुढच्या लेव्हलला नेणारी कळ) काय करणार तेही लिहून ठेवा. चीट चालू न करताही चौथ्या लेव्हलपर्यंत त्याने उडी मारता येते, फक्त उरलेला वेळ १५ मिनिटांवर येतो. आमच्याकडे ती वेगळी कॅटेगरी आहे, मुख्य टेबलात नाही.

सत्तर_हर्ट्झ:
प्रिन्सबद्दल १००% सहमत. पण हे वाचून कुणी वुल्फलाही तोच न्याय लावेल म्हणून लिहितोय, तिथे गणित उलटं आहे.

वुल्फचं घड्याळ सेकंदाला ७० टिक (ठोके) चालतं, आणि प्रत्येक फ्रेम काढताना गेम बघतो की मागच्या फ्रेमपासून किती टिक गेले, आणि तेवढ्या पटीत तुम्हाला पुढे सरकवतो. जोरदार मशीनवर एका फ्रेमला एक-दोन टिक, कमजोर मशीनवर सहा-सात. सरळ बोळात फरक कळत नाही, पण कोपरा घासून वळताना किंवा दारातून तिरकं घुसताना पावलं लहान आहेत की मोठी यावर सगळं अवलंबून. शिवाय एका फ्रेमला १० टिकची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला ७ फ्रेमच्या खाली गेलात की जास्तीचे टिक गेम सरळ सोडून देतो आणि सगळं जगच स्लो होतं. प्रतिक्रिया द्यायला आरामात वेळ. गेमच्या घड्याळावर टाइम मोजत असाल तर कमजोर मशीनवाल्याला हा फुकटचा फायदा.

आता "मॅक्सवर टाका" वाल्या मित्राला सांगा की मॅक्स म्हणजे ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरच्या ताकदीनुसार जे जमेल ते, प्रत्येकाचा मॅक्स वेगळा. आणि डीफॉल्टला जो ऑटो असतो तो रियल मोडच्या (प्रोसेसर चालवायची जुनी पद्धत) गेमला ३००० सायकल्स देतो आणि प्रोटेक्टेड मोडच्या (नंतरची पद्धत) गेमला थेट मॅक्स. वुल्फ रियल मोडचा, डूम प्रोटेक्टेडचा. म्हणजे कुणी सेटिंगला हात न लावता दोन्ही खेळलं तर एक गेम रांगतोय आणि एक सुसाट, आणि गड्याला पत्ताच नाही. एक ठराविक आकडा घ्या, तो नियमात लिहा, सगळ्यांनी तोच. साध्या डॉसबॉक्सच्या विंडोच्या वरच्या पट्टीत सायकल्सचा आकडा दिसतो, व्हिडिओत ती पट्टी दिसलीच पाहिजे अशी अट घाला, कारण कंट्रोल + एफ १२ दाबून रन चालू असताना तो आकडा वाढवता येतो. ऑल्ट + एफ १२ वर तर थेट बंदी घाला, तो वेगच मोकळा सोडतो.

घासलेला_कीबोर्ड:
मी ४८६वाल्याच्या बाजूने दोन शब्द बोलतो, बिचाऱ्याची बाजू कुणी घेत नाहीये 😄 साधा डॉसबॉक्स जुन्या हार्डडिस्कचा संथपणा दाखवत नाही, फाइल तुमच्या आजच्या एसएसडीवरून येते, लेव्हल क्षणात लोड. खऱ्या मशीनवर प्रत्येक लोडिंगला डिस्क करकर करत बसते. म्हणजे स्टॉपवॉच सलग चालू ठेवलं तर "खरं मशीनच खरं" म्हणणारा माणूसच सगळ्यात जास्त मार खातोय, त्याला हे सांगा, मत बदलेल. लोडिंगचा वेळ वजा करा किंवा गेममधला वेळ धरा, तरच तो बाकीच्यांबरोबर बसेल. ८६बॉक्ससारखं अख्खं मशीन नक्कल करणारं काहीतरी हाही पर्याय आहे पण त्याला होस्ट कॉम्प्युटर (ज्यावर ते चालवतो तो) दणकट लागतो, नाहीतर १००% वेग टिकत नाही आणि मग नवीनच रडगाणं.

अजून एक, व्हिडिओवरून टाइम काढत असाल तर ३० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये एक फ्रेमच ३३ मिलिसेकंदांची आहे, तेव्हा शेवटच्या मिलिसेकंदावरून जिंकलो-हरलो करण्यात काही अर्थ नाही. बरोबरी द्या.

स्टॉपवॉच_हातात:
भारी, आता तरी त्यांच्यापुढे मांडता येईल. मग एसडीएलपॉप आणि डूमचे पोर्ट यांचं काय? ते चालू द्यायचे का?

सत्तर_हर्ट्झ:
डूममध्ये तुम्ही नशीबवान आहात. गेम सेकंदाला ३५ टिकवर पक्का, आणि डेमो फाइलमध्ये (गेमने स्वतः ठेवलेली खेळाची नोंद) प्रत्येक टिकला तुम्ही काय दाबलं एवढंच साठवतात, एका खेळाडूसाठी टिकला ४ बाइट. ती फाइल मूळ डूमच्या १.९ आवृत्तीवर लावून तुमचा खेळ जसाच्या तसा चालला तर कुठल्या पोर्टवर खेळलात याने काय फरक पडतो? चॉकलेट डूम (मूळ गेमसारखाच चालणारा पोर्ट) घ्या, बिनधास्त. व्हिडिओपेक्षा हा पुरावा कितीतरी वरचा आहे, आणि टिक मोजले की टाइम आपोआप मिळतो.

फ्लॉपी_तोंडात:
एसडीएलपॉप मूळ डॉस गेमचं डिसअसेंब्ली (तयार प्रोग्राममधून उलट काढलेला कोड) वाचून बनवलंय त्यामुळे हालचाल बरीच हुबेहूब आहे, पण त्यात मूळ गेमचे बग दुरुस्त करायचे ऑप्शन आहेत आणि क्विकसेव्हही (खेळ मध्येच कुठेही सेव्ह करायची सोय) आहे. सगळी दुरुस्ती बंद, क्विकसेव्ह बंद, आणि सेटिंगची फाइल रनसोबत द्यायची. माझं मत विचाराल तर पहिले काही महिने वेगळ्या टेबलात ठेवा, दोन्हीकडे खेळणाऱ्या एखाद्याचे टाइम जुळताना दिसले तर एकत्र करा.

स्टॉपवॉच_हातात:
ओके. वुल्फसाठी सायकल्सचा आकडा आम्ही ४८६वाल्याच्या मशीनशी जुळवून घेतो, तोच बोळ, तोच कोपरा, दोन्हीकडे रेकॉर्ड करून. त्यालाही बरं वाटेल की त्याच्या डब्ब्यावरून नियम ठरला 😀

घासलेला_कीबोर्ड:
हे झकास. फक्त त्याच्या मशीनचं टर्बो बटण (मशीनचा वेग कमी-जास्त करणारं) चालू आहे की बंद ते आधी बघून घ्या.